पाहुण्यांची नावे छापलीत, निकाल कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात जिल्हा पानावर दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडा स्पर्धेची चार कॉलमी बातमी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्या वाचनात निकाल सापडला नाही. दुसऱ्या वाचनातही सापडला नाही. उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले, सगळं आहे. फोटोत पुढे पाहुणे आणि मुलं मागे, तीही बिस्किटाचे पुडे हातात धरून. धावण्यात पहिलं कोण आलं, गोळा किती लांब गेला, याबद्दल अक्षर नाही. त्याच पानावर खाली टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्याचा निकाल मात्र आहे, चौकार-षटकारांसकट.

बातमीदाराला तरी काय दोष द्यायचा म्हणा. मी तिथे होतो. गोळा कुणी मोजलाच नाही. फीत होती, पण ती उद्घाटनाला कापायची.

बातमीच्या शेवटी 'यांच्यातूनच उद्याचे पेटकर आणि खिलारी घडतील' असा विश्वास पाहुण्यांनी व्यक्त केला आहे. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहून सुवर्णपदक मिळवलं ते ३७.३३ सेकंदांत. सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेतलं ते १६.३२ मीटरवर. दोघंही आपल्या महाराष्ट्राचे, सांगली जिल्ह्यातले. हे आकडे आज आपल्याला ठाऊक आहेत ते कुणीतरी घड्याळ लावलं, टेप धरला म्हणून. आमच्या मुलांच्या नशिबी 'जिद्दीला सलाम'.

त्यात माझी मुलगी कर्णबधिर. पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांचा गटच नसतो. त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी, १९२४ साली पॅरिसलाच सुरू झालेली. भाषण लिहून देणाऱ्याने एवढं बघून घ्यायला हरकत नव्हती. आणि या मुलांसाठी त्या दिवशी ठेवलेला खेळ कोणता, तर संगीत खुर्ची! थट्टा करत नाही. स्पीकरवर गाणं लावलं होतं. एका चलाख पोराने बरोबर हेरलं की गाणं लावणारा माणूस बटणाकडे वाकला की बसायचं. तोच जिंकला. स्टीलचा डबा मिळाला त्याला.

अंधशाळेच्या मुलांना लिंबू-चमचा. ही मुलं एरवी शाळेत छर्रे घातलेल्या चेंडूने क्रिकेट खेळतात. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाजाने 'यस' म्हटलं की 'प्ले' असं ओरडून हात खालून फिरवत चेंडू टाकतो. पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली एक धाव दोन धरतात. खेळ तयार आहे, नियम तयार आहेत, खेळणारी पोरं समोर बसली आहेत. पण लिंबू स्वस्त पडतं.

असो. तो एक दिवसाचा कार्यक्रम झाला. माझा खरा राग तालुक्याच्या शालेय स्पर्धेवर आहे. मुलगी साध्या शाळेत शिकते आणि सगळ्यांबरोबर धावते. तिच्या पी.टी.च्या सरांनी सरावात शिट्टीबरोबर हातही खाली आणायची सवय लावली आहे, आणि शाळेत तिच्या पुढे कुणी जात नाही. तालुक्याला मात्र नुसती शिट्टी. मी आधीच पंचांना जाऊन विनंती केली होती की साहेब, शिट्टीबरोबर एक रुमाल खाली करा. 'एकीसाठी नियम बदलता येत नाही,' म्हणाले. मग काय, शेजारच्या लेनमधली मुलगी हलली की ही सुटायची. ती शेजारची नेमकी शिट्टीआधी हलली. पुन्हा शिट्टी झाली, सगळ्या थांबल्या, आमची थांबली नाही. ती शंभर मीटर एकटी धावली, रेषेवर छाती पुढे काढली आणि मागे वळून बघितलं, तर बाकीच्या सुरुवातीलाच उभ्या. लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या, ते मला जास्त लागलं. धाप बसायच्या आत तिला परत उभं केलं. चौथी आली. निवड पहिल्या दोघींची.

आता नियमाचंच बोलायचं तर अ‍ॅथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट आहे की कर्णबधिर धावपटूला सुटण्याचा इशारा दिव्याने मिळाला तर ती 'मदत' धरायची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळांनी या मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी असं आहे, आणि खेळांसाठी कलम ३० वेगळं आहे. हे सगळं लिहून संबंधित कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. दिवा राहू द्या, माझी मागणी रुमालाची आहे. त्याला निविदा काढावी लागत नाही.

आपल्याकडे मागणं याहून लहान आहे. पुढच्या वर्षी बातमीदार पाठवाल तेव्हा त्याला निकाल विचारायला सांगा. नाव, शाळा, वेळ, अंतर. पेपरात छापून येणार म्हटल्यावर आयोजक झक मारत घड्याळ लावतील. जागा लागेल ती सत्कारमूर्तींच्या यादीतून काढता येईल.

जाता जाता आणखी एक. स्पर्धेच्या मैदानात लग्नाच्या मंडपासाठी खणलेले खड्डे तसेच उघडे आहेत. त्याबद्दल मी पूर्वी पत्र लिहिलं होतं, ते आपण छापलंत, पण नेमका खड्ड्यांचा परिच्छेद गाळून. उरलं होतं फक्त आपल्या दैनिकाचं कौतुक. या पत्राला कात्री लावायचीच असेल तर लिंबू-चमचा गेला तरी चालेल, रुमालाचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक वाचक पालक