माडीवरचा इब्सेन

महोदय,

लंडनमध्ये एका पबच्या माडीवर, जेमतेम पन्नास खुर्च्यांच्या खोलीत, नुकतंच नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं ‘घोस्ट्स’ पाहिलं. पाच पात्रं, एक दिवाणखाना, बाहेर पाऊस. अनाथाश्रमाला लागलेली आग म्हणजे खिडकीच्या काचेवरचा तांबूस उजेड, बस्स! पण शेवटी मुलाच्या विषाच्या गोळ्या हाती आलेली आई आपल्यापासून हातभर अंतरावर उभी असते, तेव्हा खुर्चीत हलायचीही चोरी होते. पाद्रीबुवांचं काम करणारे नट मात्र उगाच ओरडत होते. एवढ्याशा खोलीत कशाला?

या नाटकाने आडवाटेचे प्रयोग पूर्वीही पाहिलेत. १८९१ साली लंडनमध्ये नाट्यसमीक्षक जे. टी. ग्राइन यांनी ते केलं, तेही सेन्सॉरला बगल देण्यासाठी फक्त आपल्या नाट्यसंस्थेच्या सभासदांपुरतं. जाहीर प्रयोगाला परवाना मिळायला १९१४ उजाडलं.

नॉर्वेचं नाटक आपल्याला परकं नाही. १९३३ चं मराठी नाटक ‘आंधळ्यांची शाळा’ नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावरून आलं होतं. आपल्या प्रायोगिक मंडळींनी ‘घोस्ट्स’ही एखाद्या छोट्या हॉलमध्ये करून पाहावं. फिरता रंगमंच नको, पार्श्वसंगीत तर मुळीच नको.

— एक वाचक, लंडन