मार्ग कुणाच्या मालकीचा?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आयर्लंड बेटावर बंद पडलेल्या विमानमार्गांवर छोट्या, नव्या कंपन्या कशा उभ्या राहिल्या, याबद्दल आपल्या दैनिकातला मजकूर वाचला. चांगला होता, पण त्यात सगळं श्रेय त्या कंपन्यांना गेलं, ते काही मला पटलं नाही. कंपन्या येतात नि बुडतात. तिथे मार्ग टिकला, आणि तो का टिकला हे आपल्या विदर्भाने नीट बघून घ्यावं म्हणून हे पत्र.

माझी पुतणी त्या बेटाच्या वायव्य टोकाला, डोनेगल परगण्यात नर्स आहे. तिथे रेल्वे नाही. होती ती १९६० च्या सुमारास बंद झाली. राजधानी डब्लिन गाठायचं तर मोटारीने चारेक तास, आणि जवळची वाट ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमधून जाते. म्हणून समुद्राच्या वाळूला लागून असलेल्या कॅरिकफिनच्या छोट्या धावपट्टीवरून डब्लिनला दिवसाला दोन फेऱ्या होतात. पुतणीचे घरमालक सत्तरी ओलांडलेले. कर्करोगाच्या उपचारांसाठी त्यांना डब्लिनला जावं लागतं. सकाळी लोकरीची टोपी, चहाचा थर्मास नि रिपोर्टांची फाइल घेऊन विमानात बसतात आणि संध्याकाळी घरी येऊन कुत्र्याला फिरवून आणतात. ‘काका, आपल्याकडचे लोक एसटीनं नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येतात ना, तसे हे लोक विमानानं जाऊन राहिले,’ असं ती मला फोनवर म्हणाली.

या मार्गावर आधी उडायची ती स्टोबार्ट एअर १२ जून २०२१ रोजी, करोनाच्या तडाख्यात, बंद पडली. जुलैतच अमापोला या स्वीडनच्या कंपनीची विमानं हंगामी कंत्राटावर तिथे आली. फेब्रुवारी २०२२ पासून एमराल्ड एअरलाइन्स ही तेव्हाची नवीकोरी कंपनी उडू लागली. स्टोबार्ट गेल्यामुळे त्याच वेळी रिकामा पडलेला, नैर्ऋत्येकडच्या केरीहून डब्लिनला जाणारा मार्ग तर रायनएअर या बड्या कंपनीने अनुदानाशिवायच उचलला, ती गोष्ट वेगळी. डोनेगलचं एवढ्या लवकर जमलं, कारण तो मार्ग कंपनीचा नव्हताच. सरकारने तो सार्वजनिक सेवा म्हणून जाहीर केलेला आहे. रोज किती फेऱ्या, किती आसनं, जास्तीत जास्त भाडं किती, हे सरकार ठरवतं, निविदा काढतं, येणारी तूट भरून देतं आणि मुदत संपत आली की पुन्हा निविदा काढतं. कंत्राटदार पळाला तर दुसरा शोधायचा, एवढंच काम उरतं.

हे परदेशातलं काही नवं शहाणपण नव्हे. माझे वडील टपाल खात्यात, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते आणि काही वर्षं त्यांची रात्रपाळी सोनेगाव विमानतळावर असायची. ३० जानेवारी १९४९ ला सुरू झालेली रात्रीची हवाई टपालसेवा जुन्या नागपूरकरांना आठवत असेल. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं रात्री इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्या नि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या सुमारास ती आपापल्या गावी परतत. वडील सांगायचे, एखादं विमान रखडलं की बाकीच्यांचाही खोळंबा व्हायचा, नि थैल्या मोजणाऱ्यांना मग पाणी प्यायलाही उसंत नसे. सकाळी ते घरी आले की त्यांच्या हातांना लाखेचा नि सुतळीचा वास यायचा. ही सेवा आधी खासगी कंपन्यांनी चालवली, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने. विमानांवरची नावं बदलत गेली तरी नागपूरचा हा मेळ बसत राहिला, कारण टपाल पोचवण्याची बांधिलकी सरकारची होती, विमानवाल्याची नाही.

आता आजचं बघा. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग या छोट्या कंपनीने इंदूर आणि हैदराबादसाठी सेवा सुरू केली. काही महिन्यांत ती थांबली. त्यानंतर इंडिगोचं विमान बिरसीला उतरलं ते थेट १ डिसेंबर २०२३ ला. डोनेगलला जे काम पाच-सहा आठवड्यांत झालं, त्याला आपल्याकडे वर्षाहून जास्त काळ गेला. फ्लायबिगला दोष देऊन काय उपयोग? छोट्या शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेची घडणच अशी आहे. कंपनीला तीन वर्षं तूट भरून मिळते, निम्म्या आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं, आणि तीन वर्षं झाली की तू नि तुझं नशीब. कॅगने २०२३ च्या अहवालात याचा हिशेब मांडला आहे. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ती ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते फक्त ५४.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला अलायन्स एअरचं विमान मुंबईला उडालं, तेव्हा मीही टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. एटीआर-७२, म्हणजे पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं विमान. एमराल्डकडेही हेच विमान आहे, म्हणजे यंत्रात आपण कुठेच कमी नाही. पण तीन वर्षांचा हिशेब धरला तर बेलोऱ्याची मुदत २०२८ मध्ये भरते. पुढे काय, हे आजच कागदावर यायला नको?

प्रत्येक तालुक्याला विमान द्या, असं माझं म्हणणं नाही. आयर्लंडनेही २०११ मध्ये गॉलवे, स्लायगो या मार्गांचं अनुदान बंद केलं; गॉलवेपर्यंत चांगला महामार्ग झाल्यावर विमानाला पैसे कशाला मोजायचे? आपला समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूर–छत्रपती संभाजीनगरसाठी कुणी अनुदान मागितलं तर मीच विरोधाचं पत्र लिहीन. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याचं तसं नाही. तिथल्या माणसाचा नागपूर गाठायला अख्खा दिवस मोडतो. गडचिरोलीत उद्या धावपट्टी झालीच, तर तिला डोनेगलचा नियम लावावा.

राज्य सरकारने असे मोजके मार्ग नावानिशी सार्वजनिक सेवा म्हणून जाहीर करावेत आणि निविदेतच दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला बांधून ठेवावं. पहिली कंपनी बंद पडली की दुसरीने किती दिवसांत विमान आणायचं, ते आधीच लिहिलेलं असावं. अमरावतीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्याच हाती आहे, तेव्हा सुरुवात तिथून करायला दिल्लीची वाट बघायची गरज पडू नये.

आपला नियमित वाचक,
सोमलवाडा, नागपूर

ता. क. निविदेत वेळाही लिहाव्यात. आठवड्यातून तीन-चारच दिवस आणि तेही दुपारी येऊन लगेच परतणारं विमान असेल, तर मुंबईत डॉक्टरला दाखवायला अमरावतीच्या माणसाला मुक्काम करावा लागतो, आणि विमानाच्या तिकिटात वाचवलेलं सगळं लॉजवाला घेतो. डोनेगलला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. त्या घरमालकांच्या कुत्र्याचं फिरणं एकदाही चुकलेलं नाही, असं पुतणीचं म्हणणं आहे.