‘इलमॅटिक’चा खप आणि मोल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘इलमॅटिक’ या अमेरिकी हिप-हॉप अल्बमवर लेख आला, याचा आनंद झाला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळणे ही काही रोजची गोष्ट नव्हे. मात्र हा अल्बम बाजारात आपटला आणि पुढे चाहत्यांच्या स्मरणरंजनाने त्याला मोठे केले, असा जो निष्कर्ष लेखकाने काढला आहे, तो मान्य करता येत नाही. अल्बम कसा घडला आणि समीक्षकांनी पहिल्याच महिन्यात त्याचे काय केले, हे न पाहता केवळ खपाच्या आकड्यांवरून तो काढलेला दिसतो.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. लेखात हा अल्बम करणाऱ्या रॅपरचे नाव सर्वत्र ‘नास’ असे छापले आहे. त्याचे पूर्ण नाव नासिर जोन्स असले, तरी त्याच्या टोपणनावाचा उच्चार ‘नाझ’ असा होतो. मराठीत ‘नास’ म्हटले की दूधच आधी आठवते, त्यामुळे निदान आपल्याकडे तरी उच्चार पाळलेला बरा.

नाझ वाढला तो न्यूयॉर्कमधील क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीत. १९३९ साली उभ्या राहिलेल्या या वसाहतीत तीन हजारांहून अधिक घरे आहेत. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. १९९१ मध्ये ‘मेन सोर्स’ या गटाच्या एका गाण्यात त्याला एक कडवे मिळाले आणि तेवढ्यावर त्याच्याविषयी कुजबुज सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्याचा बालमित्र गोळीबारात मारला गेला. या अल्बममध्ये मृत्यूचा उल्लेख वारंवार आणि विलक्षण शांतपणे येतो, त्याचे मूळ इथे आहे. एप्रिल १९९४ मध्ये अल्बम बाजारात आला, तेव्हा नाझ वीस वर्षांचा होता.

लेखात निर्मितीविषयी जेमतेम दोन वाक्ये आहेत, आणि खरा ऐवज तर तिथेच आहे. त्या काळी रॅप अल्बमचे संगीत बहुधा एकाच प्रोड्यूसरकडे किंवा गटाच्या स्वतःच्या डीजेकडे असे. ‘इलमॅटिक’साठी मात्र डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर आणि क्यू-टिप असे चौघे मातब्बर एकत्र आले. हे चौघेही आपापल्या गटाची ओळख ज्यांच्यामुळे ठरली होती असे; त्यांच्या जोडीला वसाहतीतलाच एल. ई. एस. हा प्रोड्यूसर होता. एका मैफलीत चार घराण्यांनी साथ करावी असा हा प्रकार, आणि तो फसण्याचीच शक्यता अधिक होती. तो फसला नाही, कारण चौघांचीही सामग्री एकाच कोठारातली होती. जुन्या जॅझ आणि सोल तबकड्यांतले काही सेकंदांचे तुकडे सॅम्पलर या यंत्रावर कापायचे आणि त्यांची आवर्तने ड्रमच्या ठोक्यांवर बसवायची, ही सर्वांची पद्धत. पियानोवादक अहमद जमाल यांची एक सुरावट पीट रॉकने जशी वापरली आहे, ती ऐकली की सॅम्पलिंग म्हणजे चोरी हा आक्षेप निदान या अल्बमपुरता तरी मला टिकत नाही असे वाटते. (अनेक प्रोड्यूसर घेण्याचा पायंडा पुढे बहुतेकांनी उचलला आणि त्यातून ठिगळे लावलेले पुष्कळ अल्बम निघाले, पण तो दोष ‘इलमॅटिक’चा नव्हे.)

आता शब्दांविषयी. मी बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे, म्हणून थोडे वृत्तांच्या अंगाने लिहितो. ओळीच्या शेवटी यमक जुळवणे कोणालाही जमते. नाझ तीन-तीन, चार-चार अक्षरांची यमके ओळीच्या पोटात पेरतो आणि वाक्य मात्र ओळीपाशी थांबू देत नाही. ते यती ओलांडून पुढच्या चरणात शिरते, ठोका मागे राहतो आणि अर्थ पुढे धावतो. ही वाट रकीम या ज्येष्ठ रॅपरने आधीच्या दशकात पाडली होती. नाझने तिच्यावर गोष्ट सांगायला घेतली. ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मधले पहिले दीर्घ कडवे त्याने एका दमात ध्वनिमुद्रित केले, असे प्रीमियरने सांगितले आहे. सुरुवात कशी करावी हे कळत नाही, असे नाझ आरंभी पुटपुटतो आणि तेही गाण्यात तसेच ठेवले आहे.

‘वन लव्ह’ हे गाणे तर पत्रच आहे. तुरुंगातल्या मित्रांना वसाहतीची खबरबात कळवायची, कोणाला मुलगा झाला, कोणाच्या मागे घरी काय चालले आहे, हे सांगायचे, इतकाच त्याचा आराखडा. शेवटच्या कडव्यात पत्र संपते आणि निवेदकाची गाठ एका बारा वर्षांच्या मुलाशी पडते, जो अमली पदार्थांच्या धंद्याला लागलेला आहे. निवेदक त्याला चार शब्द सांगतो आणि निघून जातो. लेखकाने अल्बमवर ‘गुन्हेगारीचे उदात्तीकरण’ असा शिक्का मारला आहे. हे कडवे त्यांनी ऐकले असते, तर तो शब्द लिहिताना त्यांचा हात थबकला असता. भाषा शिवराळ आहे आणि स्त्रियांविषयीचे काही उद्गार मलाही खटकतात, हे मात्र मान्य करतो.

राहिला खपाचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात सुमारे ६० हजार प्रती गेल्या आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकावर आला. लेखात ही आकडेवारी आहे, पण तेव्हाचा बाजार कोणाच्या हातात होता, ते नाही. कॅलिफोर्नियाच्या रॅपचा तो सुकाळ होता. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी तिथल्याच स्नूप डॉग या रॅपरच्या पहिल्या अल्बमच्या आठ लाखांवर प्रती पहिल्याच आठवड्यात गेल्या होत्या. त्यापुढे चाळीस मिनिटांचा, दहाच ट्रॅकचा आणि नाचायला फारसा उपयोगी नसलेला अल्बम मागे पडला, यात नवल नाही. मात्र ‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाने त्याच वेळी त्याला पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण दिले. हे मासिक हा मान क्वचितच देत असे. तेव्हा मोठेपण मागाहून चिकटवले, हे म्हणणे मुळातच टिकत नाही. रॅप अल्बमसाठीचा स्वतंत्र ग्रॅमी तर १९९६ पासून दिला जाऊ लागला. त्यामुळे ‘ग्रॅमीनेही दखल घेतली नाही’ हा लेखातला टोमणा गैरलागू आहे.

गंमत अशी की, १९९६ चा नाझचा दुसरा अल्बम यादीत थेट पहिला आला आणि त्याच वेळी तो बाजाराला शरण गेल्याची टीका त्याने ऐकली. ‘इलमॅटिक’ मात्र सावकाश खपत राहिला. पाच लाखांचा टप्पा १९९६ मध्ये आणि दहा लाखांचा २००१ मध्ये प्रमाणित झाला. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तो राष्ट्रीय सिम्फनी वाद्यवृंदासह सादर झाला आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याचा समावेश जाहीर केला.

शेवटी एक विनंती. अल्बमच्या तिसऱ्या ट्रॅकच्या अखेरीस ऐकू येणारा ट्रम्पेट ‘जुन्या तबकडीवरून उचललेला’ असल्याचे लेखात म्हटले आहे. तो उचललेला नाही. तो नाझचे वडील, जॅझवादक ओलू दारा यांनी मुलाच्या गाण्यासाठी स्वतः वाजवला आहे. माझ्या पत्रातले बाकी सारे मतभेद म्हणून सोडून दिलेत तरी चालेल, पण एवढी दुरुस्ती कृपया छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक