आधी पाठ, मग रंग

संपादक महोदय,

मीनाकारीच्या, म्हणजे धातूवर काचेचे रंगीत चूर्ण भाजून बसवण्याच्या कलेच्या, हौशी मंडळात नवा सभासद आला की त्याच्यापुढे आधी रंगांच्या बाटल्या मांडतात. खरे तर तांब्याच्या पत्र्याची पाठ आधी दाखवावी. थंड होताना तांबे काचेपेक्षा जास्त आकसते. मीना, म्हणजे हा काचेचा थर, एकाच बाजूला असेल तर पातळ पत्रा वाकतो आणि कधी दुसऱ्या दिवशी ‘टिक्’ आवाज करत तडा जातो. पाठीवरही साधारण तेवढाच थर दिला की ताण तोलला जातो.

धुतलेल्या पत्र्यावर पाणी सलग पसरावे. थेंब जमले तर तेलकटपणा शिल्लक आहे, तिथला मीना सुटणार. चूर्ण ८० नंबरच्या चाळणीने भुरभुरून पुरते वाळवावे. भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन मिनिटांत पृष्ठभाग आधी साखरेसारखा, मग संत्र्याच्या सालीसारखा, शेवटी आरशासारखा दिसतो. बहुतेक जण सालीच्या टप्प्यावरच पत्रा बाहेर काढायची घाई करतात!

सामायिक भट्टीपेक्षाही मंडळाने नमुनापट्ट्या जपाव्यात : प्रत्येक पारदर्शक रंग अर्धा थेट तांब्यावर, अर्धा बिनरंगी थरावर भाजलेला. थेट तांब्यावर लाल बऱ्याचदा काळपटतो. जुन्या चूर्णात शिसे असू शकते, म्हणून चाळताना मास्क हवाच.

– मीनाकारीचे काही हौशी कारागीर