बेस गिटार घेताना नेक पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपल्या शहरातल्या नव्या बँडवर पानभर लेख आला, वाचून खरंच बरं वाटलं. पण त्याच पानावर खाली चौकट होती, बेस गिटार कशी घ्यावी म्हणून, आणि त्यात सांगितलं होतं की ब्रँड पाहा, कोणत्या देशात बनली ते पाहा आणि बॉडीचं लाकूड पाहा. मला हे तिन्ही पटलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी एकवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, गणपती, नवरात्र, लग्नं आणि एप्रिल महिन्यात भीमगीतांचे कार्यक्रम, एकेका दिवसात दोन दोन स्टेज, त्यामुळे कोणता बेस टिकतो नि कोणता दोन वर्षांत बसतो ते हाताखालून गेलेलं आहे.

मानेवाड्याला एका मित्राच्या घरी महिन्यातून एक रविवार आम्ही सातआठ बेसवाले जमतो. आधी तर्री-पोहे, मग सगळे बेस दिवाणावर ओळीनं ठेवायचे आणि एकेक तपासायचा. नियम एकच, सगळ्यांवर तारा एकाच जाडीच्या पाहिजेत, ४५ ते १०५ चा सेट (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात), आणि अॅम्पही एकच. कारण एकावर नव्या चकचकीत तारा आणि दुसऱ्यावर तीन वर्षांच्या मळलेल्या तारा असल्या तर तुम्ही तारांची तुलना करून राहिले, बेसची नाही. पहिल्या वर्षी आम्हीही हेच करत होतो आणि तासन् तास भांडत होतो की याचं लाकूड चांगलं की त्याचं.

आता माझं म्हणणं सांगतो. बेसची क्वालिटी सगळ्यात आधी नेकमध्ये, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यात, आणि नेक बॉडीला जिथे बसतो त्या जोडात असते, बाकी सगळं त्याच्या नंतर. चार तारा मिळून त्या नेकवर अंदाजे ७५-८० किलोचा ताण असतो, म्हणजे एक मोठा माणूस रात्रंदिवस त्याला लटकलेला आहे असं समजा. हा ताण पेलायला आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात, अॅलन की नं ती कसायची किंवा सैल करायची. बॉडीत बिघाड निघाला तर सहसा भागतं, रंग उडाला, तारा अडकतात त्या ब्रिजचा स्क्रू सैल झाला, आवाज कमीजास्त करायचा पॉट खरखरला, सगळं हजार-पाचशेत होतं, पण नेकला पीळ पडला की संपलं.

आणि आपलं नागपूर म्हणजे लाकडाची परीक्षाच आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता ते सगळ्यांना आठवत असेल. उन्हाळ्यात दुपारी बाहेरच्या हवेत ओलावा २० टक्क्यांच्या आसपास असतो आणि घरात आपण कूलर लावतो, वाळ्याची ताटी ओली, म्हणजे खोलीत एकदम दमट. मग बेस बॅगेत घालून गाडीवर स्टेजपर्यंत न्यायचा, परत रखरखीत. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा सगळं उलट. लाकूड कोरडं पडलं की रुंदीत आखडतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि नेकवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, तर धातूचे, ते आहेत तेवढेच राहतात, म्हणून मे महिन्यात फ्रेटची टोकं नेकच्या कडेतून बाहेर येतात आणि हात फिरवला की करवतीसारखी लागतात. नेक कधी पुढे वाकतो कधी मागे. थंड देशातल्या माणसानं एखाद्या बेसचं कौतुक केलं आणि ते वाचून आपण तो घेतला तर आपल्या मे महिन्याचा हिशोब त्यात धरलेला नसतो.

जोडाबद्दल जास्त लिहितो कारण आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला प्रिसिजन बेस काढला तेव्हा नेक सरळ चार स्क्रूंनी बॉडीवर कसला, खराब झाला की काढा नि दुसरा लावा. गिब्सन कंपनीनं १९५३ च्या बेसला नेक चिकटवलेला दिला. रिकनबॅकर कंपनीनं १९५७ मध्ये वेगळंच केलं, नेकचं लाकूड बॉडीच्या मधून थेट शेवटपर्यंत नेलं आणि दोन बाजूंना पंख लावले. आमच्यातले दोघं या तिसऱ्या प्रकाराचे भक्त आहेत, ते म्हणतात की सूर जास्त वेळ टिकतो, हाताला वरच्या फ्रेटपर्यंत अडथळा नाही. हात मोकळा जातो हे मी मान्य करतो. पण एकाच तारांवर, एकाच अॅम्पवर, डोळे बंद करून ऐकलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दर वेळी बरोबर ओळखता आलं नाही की कोणता कोणता आहे. आणि उद्या त्या नेकला पीळ पडला तर? अख्खं वाद्य गेलं. म्हणून मी तरी इथल्या मुलांना स्क्रूवालाच घ्या म्हणतो, यावर माझे मित्र रागावले तरी चालेल.

स्क्रू किती यावरूनही लोक अडतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून फेंडरच्या जाझ बेसला चारऐवजी तीन स्क्रू येऊ लागले आणि नेक बाजूला सरकतो अशी तक्रार झाली, तेव्हापासून तीन स्क्रू म्हणजे वाईट असं पक्कं डोक्यात बसलं. पण बॉडीतला खाचा नेमका कापलेला असेल तर तीनही पुरतात आणि ढिला कापला असेल तर सहा लावूनही नेक हलतो. दुकानात पाहायची रीत सोपी आहे, शेवटच्या फ्रेटपाशी पहिली आणि चौथी तार नेकच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा, मग हेडस्टॉक, म्हणजे चाव्या असतात ते नेकचं टोक, हलकेच बाजूला ढकला आणि सोडा. तार सरकून तिथेच राहिली तर तो बेस ठेवून द्या.

आता देशाचं. जपान भारी, कोरिया ठीक, इंडोनेशिया-चीन स्वस्त, हे आपल्याकडे पाठ झालेलं आहे. पण कोर्ट ही कोरियन कंपनी इंडोनेशियात सुराबायाच्या कारखान्यात स्वतःचेही बेस बनवते आणि दुसऱ्या मोठ्या नावांचेही. एकाच कारखान्यातून एक बेस फ्रेट नीट घासून निघतो आणि दुसरा तसाच, फरक पडतो तो ज्यानं ऑर्डर दिली त्यानं किती वेळाचे पैसे मोजले यावर. म्हणून देशाचं नाव वाचून काही कळत नाही, फ्रेटवर बोट फिरवूनच कळतं.

लाकडाबद्दल एकच गोष्ट सांगतो, आपल्या जवळची आहे. पूर्वी फ्रेटबोर्डला, म्हणजे फ्रेट बसवतात त्या नेकवरच्या फळीला, शिसव असायचं, आपल्याच देशातलं शिसव जगभर जायचं. २०१७ मध्ये त्या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोपर्यंत बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त मॉडेलसाठी दुसरं लाकूड धरलं होतं. त्यातलं एक इंडियन लॉरेल नावानं विकतात. लोक नाक मुरडतात की हे शिसव नाही. राजेहो, ते आपलं ऐन आहे! ताडोब्यात जिप्सीतून फिरताना गाइड मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड दाखवतो ना, तेच. चांगलं टणक लाकूड आहे, नीट वाळवलं असेल तर त्याला नाव ठेवायचं काहीच कारण नाही.

नीट वाळवलेलं हाच मुद्दा आहे. मागच्या मे महिन्यात आमच्या भीमगीतांच्या ग्रुपमधला एक पोरगा नवाकोरा बेस घेऊन आला, शहरातल्याच एका दुकानातून बावीस हजारांना घेतलेला, वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिला होता. वरून दिसायला इतका सुंदर की आम्ही सगळे पाहतच राहिलो, लाकडाच्या लाटा, सोनेरी चाव्या. पाचव्या आठवड्यात तारा फ्रेटपासून बोटभर वर. दुकानात गेला तर म्हणाले, हवामानाचा परिणाम आहे, वॉरंटीत बसत नाही. रविवारी आम्ही उघडला. ट्रस रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत कसलेला, म्हणजे विकतानाच नेक वाकलेला होता आणि सळई पूर्ण कसून सरळ दाखवला होता. खाच्यात एका बाजूला रुपयाचं नाणं आरामात जाईल एवढी फट, आणि खाली पुठ्ठ्याचा तुकडा.

मी तो नेक घेऊन लकडगंजात गेलो, एक म्हातारे मिस्त्री आहेत, जन्मभर दाराच्या चौकटी केल्या, गिटार कधी हातात धरलेली नाही. त्यांनी नेक उचलला, एक डोळा मिटून टोकाकडून पाहिलं, जसं फळी पाहतात तसं, आणि पाच सेकंदांत म्हणाले, "याला पीळ आहे, ओलं असतानाच कापलंय." ज्या गोष्टीवर आम्ही दोन तास मोजपट्टी घेऊन बसलो होतो ती त्यांना एका नजरेत कळली. मग आमच्यातल्या एकाकडे जुन्या जपानी बेसचा नेक पडून होता तो दिला, मिस्त्रींनी जुनी भोकं सागवानाच्या खुंट्यांनी बुजवली, नवी पाडली, खाच्यात सागाचीच पातळ चीप घट्ट बसवली. आता तोच बेस चार महिने झाले जागचा हललेला नाही.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. बॉडीत वायरिंग बसतं तो आतला खाचा तांब्याच्या पट्टीनं किंवा काळ्या कंडक्टिव्ह रंगानं मढवलेला असावा, नाहीतर मांडवात जनरेटर आणि लाइटिंग सुरू झालं की घूंऽऽ असा आवाज येतो. जाझ बेसला तारांचा आवाज पकडणारे दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले की हा आवाज बराच मरतो, प्रिसिजनला १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप आहे त्यात मुळातच तो फारसा येत नाही. हे नंतरही बदलता येतं, त्यामुळे यासाठी चांगला नेक सोडू नका.

संपादक साहेब, माझ्या विनंत्या दोन आहेत. एक शहरातल्या दुकानदारांना, की गिऱ्हाईकाला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधली फट पाहू द्या, ट्रस रॉड अजून किती फिरतो ते त्याच्यासमोर पाव आटा फिरवून दाखवा, पट्टा लावून गळ्यात अडकवू द्या म्हणजे हेडस्टॉक जमिनीकडे जातो का ते कळेल, चार तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते फार लागतं. आतापर्यंत मला दोनच दुकानांत कुणी हे करू दिलं. दुसरी आपल्याला. आज फ्रेट घासायचे किंवा बदलायचे असले की आमच्यातले बरेच जण वाद्य मुंबईला नाहीतर कोलकात्याला पाठवतात, महिना जातो आणि कुरिअरमध्ये काय होईल ती धास्ती वेगळी. लकडगंजात लाकडाची एवढी पारख असलेले हात आहेत, फ्रेटचं काम शिकवणारा कुणी मिळाला तर शिकायला तयार असलेली तीन पोरं मी स्वतः ओळखतो. तुमच्या पानावर याबद्दल दोन ओळी आल्या तर असा शिकवणारा माणूस कदाचित सापडेल.

आणि ती चौकट परत छापाल तेव्हा फट मोजायचं एवढं नक्की टाका: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे.

आपला,
एक बेसवादक, मानेवाडा, नागपूर