सुधाकर, जागलीला जाण्याआधी हे वाच

घाटंजी, जि. यवतमाळ
7 डिसेंबर 2025

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझं अर्धंच बोलणं कळलं आणि रेंज गेली. नंतर वहिनींनी फोन करून सगळं सांगितलं. धानाच्या जागलीला गेलास, मचाणावर घामाने चिंब झालास, काहीबाही बडबडलास, आणि शेजारच्या वावरातले लोक म्हणाले की सुधाकर पिऊन पडला. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल असं! वहिनी सांगताना रडत होत्या. तिथल्या एका म्हातारीने बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवायला सांगितलं होतं म्हणे. बरं झालं, तुझ्या पोट्ट्याला सुचलं आणि त्याने साखरेचं पाणी पाजलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. तुझ्यामाझ्यासारख्या इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर एकदम उतरली की असंच होतं. हे सगळं माझ्यावर येऊन गेलं आहे आणि मी ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या ओलिताला रात्रपाळीची लाईन होती. संध्याकाळी इन्सुलिन घेतलं, घाईत एकच भाकर खाल्ली आणि मोटार सुरू करायला गेलो. दांडावर उभा असताना हात थरथरायला लागले. वाटलं थंडी आहे. पुढचं आठवत नाही. भावाला मी बांधावर बसलेला सापडलो, हातात फावडं तसंच. तेव्हा बोटातून रक्त काढून तपासलं तर साखर फक्त 52. सकाळचं मोजणं मी रोज करायचो, ते नेहमी 130-140 यायचं, म्हणून मला वाटायचं आपलं सगळं ठीक आहे. रात्री दोन-तीन वाजता अंगात काय चालतं याचा मला पत्ताच नव्हता.

तुझ्या डॉक्टरांनी रात्रंदिवस साखर मोजणारा सेन्सर लावायला सांगितलं आणि तू मला विचारलंस, "हे खरंच कामाचं आहे का, की पैसे काढायचा धंदा?" सुधाकर, कामाचं आहे. पण कसं वापरायचं ते कळलं तरच. म्हणून एवढं लांब पत्र लिहितो आहे.

ही एक चकती असते, दहाच्या नाण्याहून थोडी मोठी. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते. तिच्या मधून अर्ध्या सेंटिमीटरची एक मऊ तार कातडीखाली जाते. लावताना सुई आत जाऊन लगेच परत येते, राहते ती फक्त तार. बोटाला टोचण्यापेक्षा कमी दुखतं, खरंच. तारेच्या टोकावर एक एन्झाइम असतं, ते साखरेशी प्रक्रिया करतं आणि त्यातून बारीकसा विजेचा प्रवाह तयार होतो. तो मोजून आकडा येतो.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घे. ही तार रक्तात नसते. ती पेशींच्या मधल्या ओलाव्यात असते. दांडात पाणी सोडल्यावर वाफ्यातल्या झाडाच्या मुळाशी ओल पोचायला जसा वेळ लागतो, तसंच रक्तातली साखर त्या ओलाव्यात पोचायला पाच-दहा मिनिटं, कधी थोडी जास्त लागतात. म्हणून साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तेव्हा बोटातलं रक्त तपासणारं ग्लुकोमीटर वेगळं सांगेल आणि सेन्सर वेगळं. माझ्या पहिल्या आठवड्यात मी दोन्ही आकडे वहीत लिहून भांडत बसलो होतो की यातला खोटा कोण. खोटा कोणीच नव्हता. मात्र घाम फुटला, हात थरथरले आणि सेन्सर सगळं बरं आहे म्हणत असेल, तर बोट टोचून खात्री कर. टोचायला सामान जवळ नसेल तर आधी साखर तोंडात टाक, आकड्याचं नंतर बघ.

आकड्याहून महत्त्वाचा त्याच्या बाजूचा बाण. माझ्याकडच्या यंत्रात बाण आडवा असेल तर साखर स्थिर आहे. तिरका खाली म्हणजे दर मिनिटाला एक ते दोन अंकांनी उतरते आहे. सरळ खाली म्हणजे दोनाहून जास्त वेगाने. म्हणजे 110 दिसलं आणि बाण सरळ खाली असला, तर वीस मिनिटांत तू 70 वर येऊ शकतोस. 110 पाहून निवांत मचाणावर चढणारा माणूस तिथेच फसतो.

आणि म्हणूनच तुला माझी विनंती: तू अलार्म वाजणाराच सेन्सर घे. मी घेतला तो जुन्या पद्धतीचा, फोन जवळ नेऊन स्कॅन केल्याशिवाय काही बोलत नाही. झोपलेला माणूस स्कॅन कसा करणार? तुझा प्रश्नच रात्रीचा आहे. अलार्मवाल्यालाही फोन जवळ लागतो, वीसेक फुटांच्या आत, आणि चार्ज असलेला. फोन घरी चार्जिंगला लावून जागलीला गेलास तर काही उपयोग नाही. स्कॅनचाच घ्यावा लागला तर आधी दुकानदाराकडून खात्री करून घे की तुझ्या फोनमध्ये एनएफसी आहे, म्हणजे फोन जवळ नेला की सेन्सर वाचायची सोय. आपल्याकडच्या स्वस्त फोनांत बहुतेक वेळा ते नसतं, मग वेगळं रीडर घ्यावं लागतं. मी हे न विचारता सेन्सर आणला आणि चार दिवस तो कपाटात पडून राहिला. शिवाय स्कॅनचा सेन्सर आठ तासांचीच नोंद साठवतो. रात्री दहाला स्कॅन केलं आणि सकाळी आठला केलं, तर मधले दोन तास पुसले जातात. झोपताना एकदा आणि पहाटे उठल्याबरोबर एकदा, एवढं ठरवूनच ठेव.

लावायच्या दिवशी आंघोळ करून दंडाला तेल लावू नकोस. साध्या साबणाने धू, स्पिरिटच्या फडक्याने पूस आणि पूर्ण कोरडं होऊ दे. इन्सुलिन टोचतोस त्या जागेच्या जवळ नको. लावल्यावर तासभर तो आकडाच दाखवत नाही, आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा इकडेतिकडे असतात, त्यावरून काही ठरवू नकोस. माझा पहिला सेन्सर सहाव्या दिवशी गेला. कापसाचं गाठोडं खांद्यावर घेताना दोरी चकतीत अडकली आणि निघाली. पाच हजारांची वस्तू, मला खूप वाईट वाटलं. आता मी ज्या हाताने गाठोडं उचलतो त्या दंडाला लावतच नाही. वरून चिकटपट्टी लावायची तर मधलं बारीक छिद्र मोकळं ठेव. झोपताना त्या कुशीवर झोपू नकोस. तार दाबली गेली की फोनवरच्या साखरेच्या रेषेत खोटा खड्डा दिसतो. मला एका सकाळी रात्री दोनचा 48 दिसला, घरात सगळे घाबरले, आणि तीन दिवसांनी लक्षात आलं की मी डाव्या कुशीवर होतो.

उन्हाचंही लिहून ठेवतो. डबीवर 10 ते 45 अंशांत वापरा असं छापलं होतं. चंद्रपूरचा मे महिना तुला मी काय सांगू! उन्हाळ्यात लावलास तर दुपारी सावलीत राहा, फोन बंडीवर उन्हात टाकू नकोस. तुझं इन्सुलिनही मातीच्या मडक्यातल्या गार जागेत ठेव, लाईन गेली की फ्रिजवर भरवसा नको. आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना सांग, काही सेन्सर दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या वर गेलं की साखर खोटी जास्त दाखवतात. आपल्या वरूडच्या संत्र्यांनी तसं होत नाही, एका संत्र्यात इतकं सी नसतं. संत्र्याच्या साखरेचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो.

आता मी काय शिकलो ते ऐक, कारण मला तुला हेच सांगायचं होतं.

मी दहा वर्षं मानत आलो की ज्वारीची भाकर म्हणजे औषध आणि भात म्हणजे विष. सेन्सरने दाखवलं, तीन भाकरी आणि वरून थोडासा झुणका खाल्ला की मी 240 वर. तेच आधी वाटीभर वरण आणि अंबाडीची भाजी, मग दीड भाकर, आणि जेवून गावाच्या पारापर्यंत चालत गेलो तर 170 च्या पुढे जात नाही. उपासाच्या दिवशी तर मला धक्काच बसला. एकादशीचा साबुदाणा, आलू, वरून गोड चहा: त्या पंधरवड्यातला रेषेवरचा सगळ्यात उंच डोंगर त्या दिवशीचा. बाजारच्या दिवशीचे तर्री पोहे अर्ध्या तासात वर नेतात. चहाही. मी दिवसात पाच चहा घ्यायचो, रेषेवर पाच उंचवटे मोजता यायचे. कोणी न सांगता तीन बंद केले.

तुमच्या चिमूरकडे भाताशिवाय ताट नाही, तुझी रेषा माझ्यासारखी नसेल. म्हणून माझं वाचून तू भात सोडू नकोस, तुझा तू बघ. एक दिवस नेहमीएवढा भात, दुसऱ्या दिवशी निम्मा भात आणि दुप्पट डाळ, वेळ तीच. आणि काय खाल्लं, काय काम केलं, ते वहीत लिही. वही नसेल तर रेषेचे नुसते डोंगर राहतात, अर्थ हरवतो.

पहाटे चारनंतर काही न खाता साखर चढताना दिसेल. घाबरू नकोस. त्या वेळी शरीर जागं व्हायची तयारी करतं, काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. उलट वेचणीच्या दिवसांत, कापूस वेचून अकरा वाजता परत येताना मी 68-70 वर यायचो. त्याची कल्पनाच नव्हती, भूक लागली असं वाटायचं. डॉक्टरांना ती रेषा दाखवली आणि त्यांनी वेचणीच्या महिन्यांसाठी माझं इन्सुलिन कमी केलं. मनाने मी एक युनिटही बदललं नाही, तूही बदलू नकोस. 70 ते 180 च्या आत दिवसाचा 70 टक्के वेळ, म्हणजे साधारण सतरा तास, आणि 70 च्या खाली चार टक्क्यांहून कमी, हे जगातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेलं माप आहे. म्हाताऱ्या माणसांना ते सैल असतं. तुझं माप तुझे डॉक्टर ठरवतील.

तू म्हणालास, तुझा तीन महिन्यांचा एचबीए1सी चांगला येतो मग सेन्सर कशाला. सुधाकर, ती तपासणी तांबड्या रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी सांगते. रात्री 50 आणि दुपारी 250, सरासरी चांगलीच दिसणार. शिवाय तू सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक आहेस, ते कार्ड कॉलेजात आपण दोघांनी मिळून वाचलं होतं. ज्याला सिकलसेलचा आजारच आहे त्याच्या तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मरतात, त्याच्यासाठी ही तपासणी भरवशाची नाही. वाहकाच्या अंगातही आकडा खऱ्याहून थोडा कमी दिसू शकतो. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी आहे, तरी हे कोणी सांगत नाही याची मला फार चीड येते. पुढच्या वेळी डॉक्टरांना कार्ड दाखव.

खर्चाचं बोलू. एक सेन्सर साडेचार-पाच हजारांना पडतो आणि 14 दिवस चालतो. वर्षभर लावायचा तर 26 सेन्सर, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. यंदाच्या हमीभावाने सोळाएक क्विंटल कापूस झाला, आणि आपल्या कोरडवाहू वावरात एकरी तेवढा पिकतो का? टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या लेकरांना तो कायम लागतो, त्यांचं वेगळं आहे. मी वर्षाला तीन लावतो: एक वेचणीत, एक सणांच्या दिवसांत, एक औषध बदललं की. मधल्या काळात ग्लुकोमीटर. पण माझ्या दुपारी आणि पहाटे कधी टोचायचं हे आता मला माहीत आहे, पूर्वी नव्हतं. तू इन्सुलिन घेऊन रात्री बाहेर राहतोस, तेव्हा तुला जास्त लावावे लागतील का हे डॉक्टरांना विचार. आणि पैशासाठी थांबू नकोस, पहिला मी घेऊन ठेवला आहे. बाबांचा पाय गेला तेव्हा दवाखान्यात माझ्यासोबत अकरा रात्री तू जागलास, ते मी विसरलो नाही.

सेन्सर येईपर्यंत जागलीला एकटा जाऊ नकोस. खिशात ग्लुकोजची पुडी ठेव. 70 च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, नाही चढलं तर परत घ्यायचं. शेंगदाण्याची चिक्की त्या वेळी चालत नाही, तेलामुळे साखर हळू चढते. आणि आजूबाजूच्या वावरवाल्यांना सांगून ठेव, लाज बाळगू नकोस: मी बरळलो तर प्यालेला नाही, मला साखर द्या, आणि बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. वहिनींना हे वाचून दाखव.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. पहिली चकती मीच लावून देईन, दंडाच्या मागे पहिल्यांदा आपल्याला अंदाज येत नाही. येताना तुरीच्या ओल्या शेंगा आणतो. तोवर वहिनींना सांग की भात रोजच्यासारखाच करा, मला तुझी पहिली रेषा खरी हवी आहे.

तुझा,
विनायक