श्लागिन्टवाइट: काकांच्या प्रश्नाला म्युनिकहून उत्तर

म्युनिक, रविवार दुपार

तीर्थरूप काकांस,
अनघाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची पानं पोचली. मुद्रणदोष वेगळ्या कागदावर काढतेय, ते दादाच्या फोनवर पाठवीन. आज फक्त तुमच्या त्या प्रश्नाबद्दल लिहिते. चार ओळीत उरकेन म्हटलं होतं, पण ते प्रकरण वाढत गेलं.

तुम्ही विचारलंत की १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरात उतरलेल्या त्या तिघा जर्मन भावांचं आडनाव म्हणायचं कसं, त्याचा अर्थ काय, आणि इतकं जगावेगळं आडनाव म्हणजे ते सगळे एकाच मूळपुरुषाचे असणार की नाही? उच्चार श्लागिन्टवाइट. सलग म्हणता येत नसेल तर श्लाग-इन्ट-वाइट असा तोडून म्हणा. (काकूला सांगा, ह्यातला ‘वाइट’ आपला वाईट नव्हे.) भावांची नावं हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट. घराणं इथलंच, म्युनिकचं. वडील डोळ्यांचे डॉक्टर. घरात एकूण पाच भाऊ होते, त्यातले हे तिघे हिंदुस्थानात आले.

आता अर्थ. जर्मन आडनावांचे ठोकळ वर्ग चारपाच: धंद्यावरून, गावावरून, बापाच्या नावावरून, अंगच्या खोडीवरून. आपल्यापेक्षा फार निराळं नाही. पण एक छोटासा वर्ग असा आहे की आडनाव म्हणजे अख्खं वाक्यच, आणि तेही बहुधा हुकूम सोडणारं. श्लागिन्टवाइट त्यातलं. ‘श्लाग’ म्हणजे हाण, घाव घाल. पुढचा भाग आजच्या कानाला ‘दूरवर’ असा ऐकू येतो, पण शेकडो वर्षं बोलीत झिजलेल्या अक्षरांवर आजचा अर्थ चिकटवायची घाई मी तरी करणार नाही. ह्याची भावंडं बघा. हासेनफ्लुग: ‘नांगराचा राग कर’. ज्या कुणाला हे पहिल्यांदा चिकटलं तो शेतीच्या कामाला टाळाटाळ करणारा असणार, दुसरं काय! कासेल गावच्या ह्याच नावाच्या घरातल्या मुलींनी ग्रिम बंधूंना पुष्कळ परीकथा सांगितल्या. श्प्रिंगिनक्ले: ‘हिरव्या चाऱ्यात उडी घे’. ह्या नावाचा एक चित्रकार न्युर्नबर्गला ड्यूररच्या हाताखाली होता. चौदाव्या शतकात दरबारोदरबारी फिरून राजेरजवाड्यांची स्तुती गाणारा एक कवी होऊन गेला, पेटर झुखेनविर्ट. आडनावाचा अर्थ ‘यजमान शोध’. भाटाला ह्याहून नेमकं नाव कोण देणार?

ही नावं पडली कशी, तर ह्यातली बरीचशी कारागिरांच्या टोळक्यात पडली असं इथले अभ्यासक सांगतात. लोहाराकडे किंवा सुताराकडे उमेदवारी संपली की पोरगा पक्का कारागीर व्हायचा. त्या दिवशी बाकीचे मिळून त्याचं खोटं खोटं बारसं करायचे, डोक्यावर पाणी ओतायचे आणि एक टवाळ नाव द्यायचे. मग तो गावोगाव काम शोधत हिंडायचा आणि ते नावही त्याच्याबरोबर हिंडायचं. पुढे तो कुठेतरी स्थिरावला, लग्न केलं, आणि पाद्र्यानं वहीत तेच लिहिलं की टवाळी पोराबाळांना कायमची लागू.

कायमची होण्याचं काम मात्र सावकाश झालं. शहरांतून बाराव्या शतकापासून आडनावं दिसतात, पण माणूस ती बदलत असे, एकाच माणसाचं नाव दोन वह्यांत दोन तऱ्हेनं लिहिलेलं असे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या ह्या मुलखात, १६७७ साली फर्मान निघालं की परवानगीशिवाय नाव बदलायचं नाही. उलट उत्तरेला समुद्राकाठी, पूर्व फ्रिसलंडमध्ये, बापाचं नावच पोराच्या नावापुढे लागायचं आणि दर पिढीला बदलायचं. तिथं नेपोलियनच्या अमलात १८११ साली हुकूम आला की आता एक नाव धरा आणि तेच पुढे चालवा. लोकांनी तो बरीच वर्षं मनावर घेतला नाही. सगळ्या जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७६ पासून, आणि तेव्हापासून स्पेलिंगही गोठलं. म्हणून ‘लोहार’ ह्या एकाच अर्थाचं श्मिट हे आडनाव इथं शेवटी कुठे डी, कुठे डीटी, कुठे दोन टी, कुठे टीझेड लावून लिहितात. आणि त्यावरून माणूस कुठला ते कळतं! टीझेडवाला दिसला की तो कलोनकडचा, नुसता डीवाला दक्षिणेचा, दोन टीवाला माइन्झच्या आसपासचा. दोन महायुद्धं झाली, लाखो माणसं घरंदारं सोडून पूर्वेकडून पश्चिमेकडे आली, तरी नकाशावर ही नावं अजून आपापल्या मुलखाला चिकटून आहेत.

ते कळलं कसं, तर टेलिफोनच्या यादीवरून. फ्रायबुर्ग आणि माइन्झच्या विद्यापीठांनी २००५ सालच्या घरगुती फोनजोडण्या घेऊन आडनावांचा ॲटलास केला, सात खंडांचा. लँडलाइन घराघरात होती तोवरची ही शेवटची चांगली संधी. आता मोबाइल आल्यावर अशी यादी पुन्हा मिळायची नाही. वेगवेगळी आडनावं निघाली साडेआठ लाखांच्या आसपास. सगळ्यात जास्त म्युलर, म्हणजे गिरणीवाले, हजारात नऊदहा. मी पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले तेव्हा ते नाव केवढं भारदस्त वाटायचं! इथं आमच्या ऑफिसातच तीन म्युलर आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. असणार कसा? गाव तिथं गिरणी, गिरणी तिथं म्युलर. आपल्याकडे गाव तिथं कुलकर्णी, तसंच. दुसऱ्या टोकाला लाखो आडनावं अशी की सबंध देशात फोन एकाच घरी. श्लागिन्टवाइट ह्या दुसऱ्या टोकाकडचं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे खरा. आडनाव दुर्मिळ तर मूळपुरुष एक, हा तुमचा अंदाज म्युलरच्या मानानं पुष्कळच बरोबर ठरायची शक्यता आहे. पण काका, मला वाटतं आपण दुर्मिळ म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजतो ते आधी बघावं. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन आणि वॉटसन नावाचा एक गणिती पाद्री, ह्या दोघांनी १८७४ साली हेच गणित मांडलं: मोठमोठ्या घराण्यांची आडनावं संपतात का? त्यांत रक्त नासण्याचा किंवा घराणं क्षीण होण्याचा काही प्रश्न नाही. कुणाला मुलगा नाही, कुणाला आहे पण तो तरुणपणी गेला, असं चारदोन पिढ्या झालं की नाव पुसलं. निव्वळ योगायोगानं बहुतेक नावं अशीच जातात आणि थोडी फुगत जातात.

ह्या भावांचंच बघा. हिंदुस्थानात त्यांना पाठवलं ईस्ट इंडिया कंपनीनं, पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पुढे न्यायला. शिफारस नामांकित जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टची. मुंबईहून दख्खन ओलांडून मद्रासला गेले, मग हिमालयात. १८५५ च्या ऑगस्टात आडोल्फ आणि रोबेर्ट कामेतच्या शेजारी अबी गामीनवर ६,७८५ मीटरपर्यंत चढले. एवढ्या उंचीवर तोवर कुणी चढल्याची नोंद नव्हती. त्यांच्याबरोबर कुमाऊंचे मणिसिंग आणि नैनसिंग रावत होते; हेच नैनसिंग पुढे जपमाळेचे मणी ओढत, पावलं मोजत ल्हासापर्यंत गेले. आडोल्फ एकटाच आणखी उत्तरेला गेला आणि १८५७ च्या २६ ऑगस्टला काशगरमध्ये वली खान नावाच्या सत्ताधीशानं त्याचं डोकं उडवलं. वय २८. चौथा भाऊ एडुआर्ड सैन्यात होता. १८६६ च्या लढाईत किसिंगेनला पडला. पाचातले दोन असे गेले. पाचवा, एमिल, कधी हिंदुस्थानात आला नाही, पण भावांनी आणलेल्या पोथ्या घेऊन बसला आणि तिबेटी बौद्ध धर्मावर ग्रंथ लिहून मोकळा झाला.

हेरमानची गंमत तुम्हाला आवडेल. त्यानं आणि रोबेर्टनं १८५६ साली काराकोरम ओलांडून पुढे कुनलुन पर्वतही पार केला. परत आल्यावर सरदारकी मिळालीच, म्हणजे नावात ‘फॉन’ लागलं, पण १८६४ मध्ये हेरमानला वर आणखी एक जोडनाव मिळालं: ‘झाक्युनल्युन्स्की’, कुनलुनपार गेलेला. रशियात विजयी सेनापतींना अशी नावं द्यायची पद्धत होती, तिची ही नक्कल. सुतारलोहारांत थट्टेनं पडलेल्या वर्गातलं आडनाव, त्याच्या पुढे सरदारकीचं ‘फॉन’ आणि मागे रशियन थाटाचं शेपूट. आपल्याकडच्या किताबांच्या आडनावांवर तुम्ही जे प्रकरण लिहिताय त्यात हे तळटीप म्हणून खुशाल घाला.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ह्या भावांनी हिंदुस्थानात आणि हिमालयात शेकडो माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेतले. डोळे मिटून, तोंडावर ओला लगदा घेऊन पडून राहायचं. त्या साच्यांवरून केलेली डोकी युरोपच्या संग्रहालयांना विकली गेली. ती माणसं कुणाची तरी काका-आत्या असणार, त्यांनाही कुळं होती, पण तो सगळा संग्रह ओळखला जातो तो श्लागिन्टवाइटांच्या नावानं. दुर्मिळ आडनाव ते, आणि त्याखाली आपली इतकी माणसं.

इथं आडनावाशिवाय तुमचं पानही हलत नाही, हे तुम्हाला इथं आल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या इमारतीत फ्लॅटना नंबरच नाहीत. खाली दाराशी पितळी पट्टीवर घंट्यांची बटणं, प्रत्येकापुढे नुसतं आडनाव. पोस्टमन त्यावरूनच पत्रं टाकतो. आमच्या पट्टीवर दोन अस्सल बव्हेरियन, एक पोलिश, दोन तुर्की, एक व्हिएतनामी आणि सगळ्यात वर आपलं. आपलं मावत नव्हतं म्हणून घरमालकानं बारीक टाइपात छापून लावलंय. २०१८ साली शेजारच्या व्हिएन्नात नगरपालिकेनं ठरवलं की घंटीवर नाव म्हणजे खासगीपणाचा भंग, आणि दोन लाखांवर घरांच्या पाट्या उतरवायला काढल्या. माझ्याकडे तर उलटीच तऱ्हा: पासपोर्टवर बाबांचं नाव माझ्या नावाला जोडून आहे, त्यामुळे एका कचेरीतून मला कायम ‘अनघा माधव’ अशी हाक असते. माधव हे माझं दुसरं नाव, असा त्यांचा ठाम समज.

आता मूळ मुद्द्यावर येते. फोनच्या यादीत एका घराची नोंद एकदाच, आणि तीही बहुतेक नवऱ्याच्या आडनावानं. म्हणजे श्लागिन्टवाइट घरातली मुलगी लग्न करून हुबर झाली की ती आणि तिची पोरं हिशेबातून गेली. बायकोचं आडनाव दोघांनी घ्यायची मुभा इथं १९७६ साली आली. एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच लागणार, ही तरतूद घटना न्यायालयानं मोडीत काढली १९९१ मध्ये. आणि नवराबायको दोघांनीही जोडआडनाव लावायला परवानगी मिळाली ती आत्ता, १ मे २०२५ पासून. तोवर कुठलं नाव दुर्मिळ झालं आणि कुठलं फोफावलं हे मुलग्यांच्याच संख्येनं ठरत आलं. रक्त काही कुठे नाहीसं झालं नाही, ते दुसऱ्या पाट्यांखाली राहतंय.

म्हणून कुलवृत्तांताबद्दल स्पष्टच लिहिते, रागावू नका. तुमच्या पानांत आपल्या आळीच्या तीन शाखा ‘निर्वंश’ म्हणून बंद केल्या आहेत. त्यातली मधली शाखा बयोआजीची. तिला भाऊ नव्हता, ती स्वतः वाईला दिली होती, तिला पाच मुलं आणि आज चाळीसएक पतवंडं-खापरपतवंडं असतील. त्यातले दोघं आपल्या घरी गणपतीला जेवून गेलेत, तुम्हीच वाढलंत त्यांना! आणि छापायचं काय, तर निर्वंश? मागच्या आवृत्तीत तसं होतं म्हणून ह्याही आवृत्तीत तसंच, हे तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. पण मागच्या आवृत्तीवेळी माहिती गोळा करायला पोस्टकार्डं होती, आता आपल्याकडे ग्रुप आहे.

माझी सूचना एवढीच: मुलीच्या नावापुढे ‘अमक्याला दिली’ इथं ओळ तोडू नका. निदान तिची मुलं आणि नातवंडं तरी येऊ द्यात, आडनाव कुठलंही असो. पानं वाढतील, छपाईचा खर्च वाढेल. वाढीव पानांचे पैसे मी देईन, ते बाबांना सांगू नका. वाईच्या मंडळींची नावं जन्मसालांसकट मी सुमाआत्याकडून मागवलीत, पुढच्या आठवड्यात पाठवते. तोवर ते पान प्रेसला देऊ नका. आणि मूळपुरुषाच्या सालाबद्दल तुमच्या दोन पानांत वीस वर्षांचा फरक पडतोय, तोही एकदा बघा.

काकूला नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुमची,
अनघा

ता. क. श्लागिन्टवाइट लिहिताना ‘ट’ विसरू नका. तुमच्या पत्रात तो दोनदा गळलाय.